टीप वाकडी जायला लागली तेव्हा

मी शिवणकाम करते. तासगावात, घरीच, पुढच्या खोलीत दोन मशिनी आणि एक पिको-फॉलची, अठरा वर्षं झाली. हे आधी सांगायचं कारण म्हणजे मला जे झालं ते सगळ्यात आधी मशीनवर दिसलं, रिपोर्टमध्ये नंतर आलं, पण तेव्हा ना मला कळलं ना घरात कुणाला.

2023 च्या जुलैत मला ताप आला. थंडी वाजून, दोन गोधड्या आणि वर चादर घेतली तरी दात वाजायचे. उजव्या बरगडीखाली दुखायचं, खोल श्वास घेतला की उजव्या खांद्यापर्यंत कळ जायची. चार दिवस डेंग्यू मलेरिया टायफॉईड करण्यात गेले, मग सोनोग्राफी केली आणि लिव्हरमध्ये गळू निघालं, 8 सेंटीमीटरचं. अमिबामुळे झालेलं. हा जंतू घाण पाण्यातून पोटात जातो आणि आतड्यातून लिव्हरला पोचतो असं सांगितलं, आणि त्या पावसाळ्यात आमच्या नळाला गढूळ पाणी येत होतं हे खरंय. प्रत्येक नवीन डॉक्टर ह्यांच्याकडे बघून विचारायचे, घरात कुणी दारू पितं का, कारण हा आजार पिणाऱ्या पुरुषांना जास्त होतो म्हणे. मी सुपारीसुद्धा खात नाही.

24 जुलैला सांगलीला एका खाजगी दवाखान्यात ऍडमिट झाले. सोनोग्राफीवर बघत बघत सुई घालून पू काढला, तो पांढरा नव्हता, चॉकलेटी होता, बाटली बघून आमच्या आत्या (सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो) बाहेर जाऊन बसल्या. आणि दिवसातून तीन वेळा मेट्रोनिडाझोलची बाटली चढवायची, 500 मिलिग्रॅमची. चौथ्या दिवशी ताप उतरला. अक्षरशः उतरला, आणि सकाळी मी चहा मागितला. हे मुद्दाम लिहितेय कारण पुढचं वाचून कुणी या औषधाला विष समजू नये, ते गळू फुटलं असतं तर मी आज नसते. 1960 च्या आसपासचं जुनं औषध आहे आणि आजही या आजारावर तेच पहिलं देतात.

नऊ दिवसांनी घरी सोडलं. त्याच औषधाच्या 400 च्या गोळ्या, दोन-दोन, दिवसातून तीन वेळा, 15 दिवस. तोंडात सारखी तांब्याचं नाणं धरल्यासारखी चव. लघवी गडद. मळमळ. हे सगळं होणार असं सांगितलं होतं म्हणून मी काही म्हणाले नाही. 15 दिवसांनी परत सोनोग्राफी केली तर जागा अजून दिसत होती, 4 सेंटीमीटरची पोकळी. डॉक्टर म्हणाले गोळ्या चालू ठेवा, आता दोनाच्या ऐवजी एक एक, दाखवायला या. कागदावर लिहिलं, एक एक एक, कंटिन्यू. किती दिवस ते लिहिलं नव्हतं. मी पण विचारलं नाही, ह्यांनी पण नाही. तारीख दिली होती त्या दिवशी ह्यांच्या टेम्पोला भाडं आलं, मग पुढं गौरी-गणपतीची शिलाई अंगावर आली, आणि बरं वाटत होतं. मेडिकलमध्ये तोच कागद दाखवला की स्ट्रिपा मिळायच्या. मी अगदी नेमाने घेत होते, एक सुद्धा चुकवली नाही, आत्या ताट वाढायच्या आधी विचारायच्या गोळी कुठंय गं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका कटोरी ब्लाऊजची टीप वाकडी गेली. उसवली, परत मारली, परत वाकडी. ज्यांना शिवण येतं त्यांना सांगते, कटोरीचा गोल वळवताना डावा हात कापड हळूहळू फिरवतो आणि पाय पॅडलवर दाब कमी करतो, हे आपण ठरवून करत नाही, हात-पाय आपापसात करतात. ते तुटलं होतं. हात फिरायच्या आत पाय दाबला जायचा, नाहीतर पाय थांबायचा आणि हात पुढं ओढायचा. मला वाटलं मशीनला तेल नाही. तेल घातलं, सुई बदलली, बॉबिन केस साफ केली. मग सुईत दोरा ओवता येईना. दिसत होतं, भोक दिसत होतं, दोरा दिसत होता, पण हात नेमका भोकाजवळ गेला की थरथरायचा आणि बाजूला जायचा. लांब असताना हात स्थिर, जवळ नेला की हलणार. पोरगी म्हणाली मम्मी चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. नंबर पण काढून आले, सारखाच होता.

त्याच दिवसांत पायाला मुंग्या यायला लागल्या, आधी बोटांना मग तळव्याला. एकदा बाजारातून घरी आले तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. कुठं निसटली मला कळलंच नाही. त्या दिवशी मी खरी घाबरले, पण साखर असेल असं वाटून तपासली, ती नॉर्मल आली, आणि नॉर्मल आली म्हटल्यावर सगळे निवांत झाले.

21 तारखेला गौरी आल्या. आमच्याकडं दोन्ही गौरींना साडी मीच नेसवते, लग्न होऊन आल्यापासून, आणि गल्लीतल्या तीन घरच्या बायका मला बोलवायला येतात. त्या दिवशी मला निऱ्या घालता येईनात. पहिली निरी बोटात धरली की दुसरी घेताना पहिली सुटायची. अंगठा आणि करंगळीच्या मधलं अंतर सारखं राहीना, एक निरी चार बोटांची एक सहा बोटांची. अर्धा तास झाला तरी होईना मग जाऊबाईंनी हातातून साडी घेतली, काही बोलल्या नाहीत, मी आत जाऊन रडले. आरतीला उभी राहिले तर डोळे मिटल्यावर मागं पडायला झालं, पोरीने धरलं.

आणि बोलणं. जीभ जड झाली होती. मला माझं बोलणं नीट ऐकू येत होतं पण समोरच्याला तुटक तुटक यायचं, अक्षरं एकमेकात मिसळल्यासारखं. एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, वहिनी झोपेतनं उठवलं का? दुपारचे चार वाजले होते.

तोपर्यंत दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एके ठिकाणी आजारपणाचा अशक्तपणा म्हणून बी-12 ची इंजेक्शनं दिली, एके ठिकाणी मानेचा एक्स-रे काढून मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा दिला. आत्यांनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली, त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. दोन्ही डॉक्टरांनी विचारलं की आधी काही आजार? मी सांगितलं लिव्हरला गळू झालं होतं, बरं झालं. गोळ्या अजून चालू आहेत हे मी सांगितलं नाही, लपवलं नाही, पण ती गोळी म्हणजे आजाराचा भाग असं डोक्यातच आलं नाही, ती तर बरं करणारी होती.

25 ला पहाटे बाथरूमला जाताना पडले. भिंत धरायला हात लावला तो भिंतीला लागलाच नाही, चार बोटं आधी. ह्यांना वाटलं पॅरालिसिसचा झटका. तिथून मिरजेला न्यूरोच्या डॉक्टरांकडं नंबर लावला, तो 27 चा मिळाला.

तिथली तपासणी मी कधी विसरणार नाही कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला होतंय ते मला दाखवून दिलं. डॉक्टर म्हणाले माझ्या बोटाला बोट लावा, मग तुमच्या नाकाला, परत माझ्या बोटाला. माझं बोट नाकाऐवजी गालावर. एका हाताच्या तळव्यावर दुसरा हात सुलटा-उलटा-सुलटा-उलटा असा भरभर आपटायला सांगितला, तो दोनदा जमला आणि मग गोंधळला. झोपवून उजव्या पायाची टाच डाव्या गुडघ्यावर ठेवून नडगीवरून खाली सरकवायला लावली, ती घसरत होती डावी-उजवीकडं. डोळ्यापुढं बोट फिरवलं तेव्हा डोळे कडेला गेल्यावर झटके देतात म्हणाले. मग एक पाऊल दुसऱ्याच्या पुढं चिकटवून सरळ रेषेत चाला. तीन पावलांत मी सिस्टरच्या अंगावर गेले. मग एक धातूचा चिमटा वाजवून घोट्याला लावला, थरथर जाणवते का, मी म्हटलं नाही, गुडघ्याला लावल्यावर जाणवली.

मग ते खुर्चीत बसले आणि विचारलं, आता कुठली कुठली गोळी चालू आहे. मी म्हटलं बी-12, ताकदीची एक, आणि ती लिव्हरची जुनी.

जुनी म्हणजे किती जुनी?

ह्यांच्याकडं पिशवी होती, आत्यांनी दिलेली. आमच्या आत्यांना काही टाकायची सवय नाही, रिकाम्या स्ट्रिपासुद्धा रबर लावून ठेवलेल्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर पत्त्यासारख्या मांडल्या आणि मोजल्या, आणि डिस्चार्ज कार्ड बघून कागदावर बेरीज केली. 90 गोळ्या पहिल्या 15 दिवसांत, 126 त्या नंतरच्या 42 दिवसांत, एकूण 216, आणि नऊ दिवसांच्या सलाईनच्या बाटल्या. जवळजवळ 100 ग्रॅम औषध. म्हणाले चार आठवड्यांच्या वर किंवा 42 ग्रॅमच्या वर गेलं की पायाच्या नसांचा त्रास व्हायची शक्यता बरीच वाढते, आणि काही थोड्या लोकांना ते मेंदूला पण लागतं. तुम्ही आज सकाळची घेतली का? हो. आता दुपारची नाही घ्यायची, आणि परत कधीच नाही.

एमआरआय त्याच दिवशी केला. संध्याकाळी फिल्म उजेडावर लावून आम्हाला दाखवली. डोक्याच्या मागच्या खालच्या बाजूला लहान मेंदू असतो, तोल, हातापायाचा ताळमेळ, बोलण्याचा ठेका सगळं तिथून चालतं. त्याच्या आत दोन्ही बाजूंना एक एक केंद्र असतं, डेंटेट न्यूक्लियस म्हणतात, त्या दोन्ही जागा पांढऱ्या चमकत होत्या, अगदी सारख्या, जुळ्या. अजून एक ठिपका मधे, दोन्ही अर्ध्या मेंदूंना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला. डॉक्टर म्हणाले झटका असता तर बहुतेक एका बाजूला दिसला असता, असं दोन्हीकडं सारखं दिसलं की आपण विचार करतो की रक्तातून काहीतरी सगळीकडं सारखं पोचतंय. ह्या औषधाचा हा ठरलेला डाग आहे, पुस्तकात असतो तसा.

मी विचारलं (पोरीने विचारलं खरं तर, माझं बोलणं त्यांना कळायला वेळ लागत होता) की लिव्हरचं औषध मेंदूत कसं गेलं. तर म्हणाले हे औषध मेंदूत फार चांगलं पोचतं, म्हणूनच मेंदूत गळू झालं तर हेच देतात, तो त्याचा गुण आहे. आणि ते शरीरातून बाहेर काढायचं बरंचसं काम लिव्हरचं, आणि तुमचं लिव्हरच आजारी होतं. मग मला ते पटलं. अजून म्हणाले की अँटिबायोटिकचं मेंदूवर येणं ही काही एकट्या ह्याची गोष्ट नाही, किडनीच्या पेशंटला सेफेपाइमचा डोस कमी करून दिला नाही तर माणूस असंबद्ध बडबडायला लागतो, झटके येतात, आणि घरच्यांना वाटतं इन्फेक्शन डोक्यात गेलं. टीबीच्या जुन्या स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनने कानातला तोल जातो आणि तो तर पुष्कळदा परत येत नाही. तुमचं परत येईल असं मला वाटतंय, कारण पेशी बहुतेक मेलेल्या नाहीत, सुजल्यात. पण औषध थांबवण्याशिवाय ह्याला दुसरं औषध नाही. बी-1 चं इंजेक्शन मात्र दिलं काही दिवस, कारण बी-1 कमी पडलं तरी असंच काहीसं दिसतं आणि ते चुकवायचं नसतं.

पहिले तीन दिवस काही फरक नाही, उलट मला चौथ्या दिवशी जास्त वाटलं. मी रात्री जागी राहून हाताची बोटं नाकाला लावून बघायची अंधारात. हे सांगायला हवं कारण औषध बंद केलं की लगेच बरं वाटेल असं धरून बसले होते आणि तसं झालं नाही, तेव्हा मनात फार वाईट वाईट आलं. मशीनच विकावी लागेल इथपर्यंत.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून बोलणं सुटायला लागलं. आत्यांना आधी कळलं, म्हणाल्या आज तू मला आत्या म्हटलीस, काल आ-त्त्या म्हणत होतीस. दहाव्या दिवशी भिंत न धरता स्वयंपाकघरात गेले.

मग मी एक केलं. अस्तराचा पांढरा तुकडा घेतला, वीतभर रुंद, लांबच लांब, आणि त्यावर रोज सकाळी एक सरळ टीप मारायची लाल दोऱ्याने, आणि शेजारी तारीख लिहायची. पहिली टीप बघवत नाही, सापासारखी, मधे दोरा तुटलेला. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी रेषेवर चालायचे, एका पायावर उभं राहायचे व्यायाम दिले होते ते करायचेच, पण मला खरा भरवसा त्या कापडावर होता. चालण्याचं माणूस स्वतःला फसवू शकतो, आज बरं आहे म्हणून. टीप फसवत नाही. तीन आठवड्यांत ती सरळ झाली, म्हणजे इतर कुणालाही सरळ वाटली असती, मला वळणावर अजून झोल दिसायचा. दिवाळीच्या आधी, सहा आठवड्यांनी, दुसरा एमआरआय केला, पांढरे डाग गेलेले. मी ते कापड गुंडाळून नेलं होतं. डॉक्टरांनी उलगडून टेबलभर पसरलं, दोन्ही टोकं बघितली, आणि त्याचा फोटो काढला.

पोटातला अमिबा राहू नये म्हणून वेगळी गोळी लागते, ती मला आधी कुणी दिलीच नव्हती. डायलोक्सनाईड, 10 दिवस, दिवसातून तीन वेळा. ती आतड्यातच काम करते. ती मिरजेच्या डॉक्टरांनी सांगून दिली.

आणि एक फॉर्म भरला. औषधाचा त्रास झाला तर तो नोंदवायची सरकारी सोय आहे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया, गाझियाबादहून चालतो, पेशंट स्वतः पण कळवू शकतो, 1800-180-3024 हा फुकट नंबर आहे. मला हे माहीतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले असे त्रास कमी होतात हे खरं, पण जे होतात ते पण कुणी कळवत नाही.

सांगलीच्या डॉक्टरांकडं मी गेले का? गेले. हे नको म्हणत होते, भांडण होईल म्हणून. मी भांडायला गेले नव्हते, दोन्ही एमआरआय घेऊन गेले होते. त्यांनी पूर्ण ऐकलं, फाईल काढली, स्वतःचं कंटिन्यू लिहिलेलं बघितलं. म्हणाले मला अजून दोन आठवडे अभिप्रेत होते, आणि ती पोकळी सोनोग्राफीत कित्येक महिने दिसत राहते, ती भरेपर्यंत गोळ्या घ्यायच्या नसतात. मग ते कागदावर का नव्हतं? त्यावर ते गप्प बसले, आणि नंतर म्हणाले बरोबर आहे तुमचं. मला त्यांचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. माझी चूक पण आहेच, तारीख मी चुकवली. पण मी शिवायला कपडा घेताना पावतीवर द्यायची तारीख लिहिते, शंभर रुपयांच्या कामाला सुद्धा लिहिते. गोळी कुठल्या दिवशी बंद करायची हे एका ओळीत लिहायला काय लागतं.

आता दवाखान्यात गेले की आधी विचारते, ही किती तारखेपर्यंत, आणि तिथंच लिहून घेते. पर्समध्ये चिठ्ठी आहे, मेट्रोनिडाझोल देऊ नये, आणि टिनिडाझोल, ऑर्निडाझोल विचारल्याशिवाय नको, कारण ती भावंडं आहेत सगळी. हे फार कामाला आलं. डिसेंबरात पुतणीच्या लग्नात जेवणाने अर्धं वऱ्हाड जुलाबाने आडवं झालं आणि भाऊजी मेडिकलमधून सगळ्यांसाठी गोळ्या घेऊन आले, सरसकट. मी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षर वाचलं तर ऑर्निडाझोल त्यात होतं. जुलाबाच्या बऱ्याच गोळ्यांत असं काहीतरी जोडीला असतंच, नावाच्या शेवटी ओझेड, टीझेड असलं की बघायचं. बाकीच्यांना एक-दोन दिवसाने काही होत नाही, मी मीठ-साखरेच्या पाण्यावर काढलं.

पाय मात्र पूर्ण परत आलेले नाहीत. मेंदूचं लवकर भरून आलं, नसांना वेळ लागतो, वर्ष पण लागतं असं सांगितलं होतं, मला त्याहून जास्त लागलंय. घोट्यापासून तळव्यापर्यंतचं गेलं, डाव्या पायाची बोटं पण आली, उजव्या अंगठ्याचं टोक आणि शेजारचं बोट अजून कागद गुंडाळल्यासारखं आहे. पॅडलवर नेमकं तेच लागतं. ह्यांनी टेम्पोच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पॅडलवर चिकटवून दिलाय, वर खडबडीत बाजू ठेवून, तो अंगठ्याच्या मागच्या जाड भागाला टोचतो आणि मला कळतं पाय कुठं आहे ते. दर तीन-चार महिन्यांनी झिजतो, मग दुसरा लावतो.